कॉबलरचं पीठ

‘आई, एवढं मळलं की पुरे?’ दोर्कसने विचारलं.

मी खिडकीशी बसून पीच सोलत होते. मान वर केली नाही. ‘अजून मळ,’ म्हटलं.

‘मऊ झालंय चांगलं.’

‘पोळीची कणीक एवढ्यावर सोडतेस का? नाही ना? मग मळ.’

ती मळत राहिली. तिचं मनगट चांगलं होतं, खोटं कशाला बोलू. तळव्याने रेटायची, दुमडायची, परत रेटायची. परात हलायची, पण तिचा खांदा हलायचा नाही. तीन वर्षांपूर्वी सून होऊन आली तेव्हा नेवाशाहून दुसरं काही आणलं नव्हतं, पण हा हात आणला होता. तिच्या पोळीला पदर सुटायचे. माझा अमोस जन्मभर माझ्या हातची भाकरी खाऊन मोठा झाला, आणि लग्नानंतर पंधरा दिवसांत भाकरीला नाक मुरडायला लागला.

‘आता?’ तिने पुन्हा विचारलं.

मी बोट लावून पाहिलं. लोण्याचा एक खडा शिल्लक नव्हता. पीठ गुळगुळीत, तुकतुकीत, लहान मुलाच्या गालासारखं.

‘दहा-वीस हात अजून दे,’ मी म्हणाले, ‘आणि मग झाकून ठेव.’

बंगला मिशनचा, महाबळेश्वरला. खालच्या गावांतल्या चर्चचे पाळक, शाळामास्तर, दवाखान्यातल्या नर्सबाया उन्हाळ्यात आठ-आठ दिवस वर येऊन राहायचे. माझा नवरा एलिया तिथे खानसामा होता. तो वारला तेव्हा अमोस नऊ वर्षांचा. बंगला चालवणाऱ्या हॉलिस मिसबाईंनी मला बोलावून घेतलं आणि म्हणाल्या, ‘सालोमी, तुला चूल येते. माझी चूल मी तुला शिकवते.’ त्यांची चूल म्हणजे अमेरिकेहून बोटीने आलेलं लोखंडी धूड. वर चार तोंडं, पोटात भट्टी. मी मिशनच्या शाळेत चौथी झालेली बाई. पण त्या भट्टीत मी पाव भाजले, केक भाजले, आणि मिसबाईंचा कॉबलर भाजला. कॉबलर म्हणजे खाली शिजलेलं फळ आणि वर फुगलेलं बिस्किट. चहात बुडवतात ते बिस्किट नव्हे. पावासारखं मऊ, वरून जरा कुरकुरीत, चमचा लावला की भसकन मोडणारं. फळ आमच्याच परसातलं. मिसबाईंनी स्वतःच्या हाताने लावलेलं पीचचं झाड होतं. एलिया त्याला सप्ताळू म्हणायचा.

बावीस वर्षं ते स्वयंपाकघर माझं होतं. कॉबलरचं पीठ करायची वेळ आली की मी दाराला कडी घालायची. अमोसलासुद्धा आत घेतलं नाही कधी. पाहुणे विचारायचे, सालूबाई, कसं करता हो? मी म्हणायची, खाताय ना, मग खा.

मिसबाई निवृत्त होऊन मायदेशी गेल्या त्याला आठ वर्षं झाली होती. आता तीन दिवसांसाठी परत येणार होत्या, शेवटचं बघून घ्यायला. आणि त्याच मुहूर्तावर मिशनच्या कमिटीला माझं वय आठवलं.

रविवारी उपासना झाल्यावर कमिटीचे सेक्रेटरी उजागरे मास्तर माझ्या खोलीच्या पायरीशी येऊन उभे राहिले. हातात छत्री, ऊन नसताना.

‘सालूबाई, साठी आली.’

‘कुणाची? तुमची तर होऊन गेली.’

‘थट्टा नको. कमिटीचं म्हणणं असं, की सुनेला एकदा करू द्यावं. गुरुवारी मिसबाईंचं जेवण दोर्कस करील. तुम्ही शेजारी बसून सांगा. त्यांना पसंत पडलं तर जूनपासून स्वयंपाकघर तिच्याकडे.’

‘आणि मी?’

‘तुम्ही आराम करा. खोली तुमचीच आहे, अमोस बागेचं काम बघतोच आहे.’

‘आराम मेल्यावर करतात, मास्तर. एवढी घाई कसली लागली कमिटीला?’

मास्तरांनी छत्रीचं टोक मातीत फिरवलं. ‘मागच्या महिन्यात पाहुण्यांच्या चहात दोनदा साखर पडली म्हणे.’

‘पाहुणा चुगलखोर होता, त्याच्या तोंडात साखर पडली तर बरंच.’

ते हसले नाहीत. मी मागे वळले, तर माझ्या खोलीच्या दारात दोर्कस उभी होती. तिचा चेहरा बघितला आणि मला कळलं, मास्तर आपणहून आलेले नाहीत.

त्या दिवसापासून गुरुवारपर्यंत आम्ही दोघी एका घरात राहून दोन गावच्या असल्यासारख्या वागलो. ती दहावी पास. वही घेऊन आली माझ्यापुढे.

‘प्रमाण सांगा, आई. लिहून घेते.’

‘प्रमाण हातात असतं.’

‘तुमच्या हातात आहे. माझ्या हातात कसं येणार?’

‘आलं तर येईल. नाहीतर पोळ्या आहेतच.’

‘मिसबाईंना पोळ्या नकोत, कॉबलर पाहिजे. त्यांनी पत्रात लिहिलंय.’

‘मग गुरुवारी सांगेन. एकेक करून. मी सांगेन तसं करायचं, मधे अक्कल चालवायची नाही.’

‘नाही चालवणार,’ ती म्हणाली. ‘तुम्ही सांगाल तस्संच करीन. शब्दाला शब्द.’

तिने वही मिटली. तेव्हा मला वाटलं, पोरगी नमली. आज वाटतं, ती तेव्हाच माझ्या पुढे एक पाऊल होती.

गुरुवारी सकाळी ती पिठाला लागली आणि फळ मी ओढून घेतलं. साल काढायला तुला दुपार होईल म्हटलं, ते माझ्याकडे दे. तिने पीठ झाकून ठेवलं, मी फोडी करून शिजत टाकल्या. फळाला उकळी फुटल्यावर तिने विचारलं, ‘लाटू का आता?’

‘लाट. भांड्याच्या तोंडाएवढी.’

तिने पोळपाटावर गोल लाटली. इतकी गोल, की परकार लावून घ्या. भांड्यावर अंथरली, कडा बोटाने दाबून बसवल्या. मी भट्टीचं दार उघडून धरलं. भांडं आत गेलं.

एकच्या सुमाराला ते बाहेर आलं. वरून गुलाबी-तांबूस, सपाट, एक भेग नाही. दोर्कसने वाकून बघितलं.

‘फुगलं नाही,’ ती म्हणाली.

‘गार झालं की बसतं,’ मी म्हणाले.

तिने मान वर केली. नुसतं माझ्याकडे बघितलं.

जेवायला टेबलावर दोघंच. हॉलिस मिसबाई आणि उजागरे मास्तर. मिसबाई फार वाळल्या होत्या. केस पांढरे, हात थरथरायचा, पण मराठी तशीच, बायबलातल्यासारखी. अमोस ताटं नेत होता. मी आणि दोर्कस दाराशी उभ्या. रस्सा झाला, भात झाला, दोर्कसच्या पोळीचं कौतुक झालं. मग अमोसने कॉबलर ठेवला.

मिसबाईंनी चमचा लावला. चमचा आत जाईना. त्यांनी जोर दिला तसा आवाज झाला, खट्. दुसऱ्यांदा जोर दिला आणि एक तुकडा उडून मास्तरांच्या पाण्याच्या पेल्याला लागला. मास्तरांनी तो उचलून सभ्यपणे तोंडात घातला. मग त्यांचा जबडा हलत राहिला. आम्ही चौघं तो जबडा बघत होतो. बराच वेळ गेला.

‘फळ उत्तम शिजले आहे,’ मिसबाई म्हणाल्या. त्यांनी चमचा खाली ठेवला. ‘वरचे कोणी केले?’

‘मी,’ दोर्कस पुढे झाली. ‘आईंनी सांगितलं तसं.’

‘तू हे पीठ मळलेस, मुली?’

‘हो.’

‘मळायला कोणी सांगितले?’

‘आईंनी. मी दोनदा विचारलं, पुरे का. दोन्ही वेळा म्हणाल्या, अजून मळ. लाटू का विचारलं, म्हणाल्या लाट. मी शब्दाला शब्द केलंय. अमोस बाहेर लाकडं फोडत होते, त्यांनीही ऐकलं.’

अमोसने खाली बघितलं. तो ना आईचा, ना बायकोचा, फरशीचा मुलगा झाला.

मी वाट बघत होते की मिसबाई रागावतील. मनात उत्तर तयार होतं. सुनेने ऐकण्यात चूक केली, आजकालच्या मुलींचं लक्ष कुठे असतं. पण त्या रागावल्या नाहीत. त्या खुर्चीवरून उठल्या, टेबलाला धरत माझ्याजवळ आल्या आणि त्यांनी माझा हात हातात घेतला. मेणासारखा गार हात.

‘सालोमी,’ त्या हळू म्हणाल्या, ‘त्यात लाज नाही. मनुष्य विसरतो. माझी आई शेवटी शेवटी स्वतःच्या मुलांची नावे विसरत असे. तू थकली आहेस.’

‘मी कमिटीला हेच म्हणत होतो,’ मास्तर म्हणाले. तुकडा अजून गालात होता. ‘बिचाऱ्यांच्या लक्षात राहत नाही आता.’

बिचाऱ्या.

मला आजवर लोकांनी पुष्कळ नावं ठेवली. तिखट म्हटलं, उद्धट म्हटलं, खालच्या आळीतल्या बायांनी तर मला नांगी म्हटलं. एलिया गेला तेव्हासुद्धा मला कुणी बिचारी म्हटलं नव्हतं. कुणाची हिंमत नव्हती. आणि आज माझ्याच दारात, माझ्याच सुनेसमोर, माझा हात कुरवाळत होते. दोर्कसच्या चेहऱ्यावर मी बघितलं. तिथे राग असता तर मी सोसला असता. तिथेही दया यायला लागली होती.

मी हात सोडवून घेतला.

‘विसरले नाही,’ मी म्हणाले.

‘बरे, बरे,’ मिसबाई म्हणाल्या.

‘बरे काय? विसरले नाही म्हणते. मुद्दाम सांगितलं. पीठ मळलं की कॉबलरचा दगड होतो हे मला माहीत नाही? बावीस वर्षं मी केला काय? ऐका. मास्तर, तुम्हीही ऐका, चावून झालं असेल तर. मैदा दोन वाट्या, चाळून. बेकिंग पावडर तीन चमचे, सपाट. मीठ चिमूटभर, साखर दोन चमचे. लोणी गार पाण्यातून काढलेलं, घट्ट. ते बोटांच्या टोकांनी पिठात चुरायचं, तळहात लागू द्यायचा नाही, तळहात गरम असतो. वाटाण्याएवढे खडे राहिले पाहिजेत. मग गार ताक. काट्याने ढवळायचं, दहा वेळा, बारा नाही. पीठ ओबडधोबड दिसलं पाहिजे, कुणाला दाखवायची लाज वाटेल असं. भट्टी तापली का ते बघायला ताटलीत चिमूटभर पीठ आत ठेवायचं आणि प्रभूची प्रार्थना दोनदा म्हणायची. दुसऱ्यांदा आमेन म्हणेपर्यंत पीठ बदामी झालं पाहिजे. फळ उकळत्या पाण्यात बुडवून सोलायचं, फोडी, साखर, लिंबू, दालचिनी, वर चमचाभर कॉर्नफ्लॉवर. पीठ चमच्याने फळावर टाकायचं, मधे मधे फटी ठेवायच्या वाफ जायला. लाटायचं नाही. मळायचं नाही. हात लावायचा नाही. हे तुम्हीच शिकवलंत मला, त्या चुलीशी, पहिल्या वर्षी मीही मळलं होतं तेव्हा. विसरले म्हणे.’

अमोस म्हणाला, ‘आई, बस.’

‘तू ताटं उचल.’

मास्तरांनी तोंडातलं रुमालात काढलं. ‘म्हणजे तुम्ही ठरवून मिसबाईंच्या पानात हे वाढू दिलंत? पोरीला तोंडघशी पाडायला? आणि रविवारी चर्चमध्ये प्रभुभोजनाला पुढच्या बाकावर बसता.’

‘बसते. तुमच्या पुढे बसते म्हणून तुम्हाला दिसते.’

मिसबाई परत जाऊन खुर्चीवर बसल्या होत्या. त्यांनी समोरचं ते गोल, गुळगुळीत झाकण भांड्यासकट दूर सारलं.

‘विसरणाऱ्या बाईला मी ठेवले असते, सालोमी,’ त्या म्हणाल्या. ‘मी मास्तरांना तेच सांगणार होते. दोघींनी मिळून करावे. ती आठवण ठेवील, तू चव पाहशील. पण ही गोष्ट निराळी आहे. आजपासून तू स्वयंपाकघरात जाऊ नकोस.’

मी स्वयंपाकघराची किल्ली कमरेची काढली, टेबलावर ठेवली आणि बाहेर आले. कुणी हाक मारली नाही.

संध्याकाळी दोर्कस खोलीत आली तेव्हा मी खाटेवर बसले होते. तिने दिवा लावला. पदराने हात पुसत उभी राहिली.

‘गप्प बसला असतात तर राहिला असतात,’ ती म्हणाली.

‘विसरभोळी म्हणवून घेऊ?’

‘मी म्हणणार नव्हते. मास्तर चार दिवस म्हणाले असते, मग थांबले असते.’

‘तुला ठाऊक होतं पीठ बिघडतंय ते. लाटताना ठाऊक होतं.’

‘होतं,’ ती म्हणाली. ‘आमच्या नेवाशाला पण बेकरी आहे, आई. लोणी असं कुणी तिंबत नाही. पण तुम्ही म्हणालात, अक्कल चालवायची नाही.’

मी तिच्याकडे बघितलं. पहिल्यांदा मला वाटलं, हिला सून म्हणून मीच पसंत केली होती, ते डोळे उघडे ठेवूनच केलं होतं.

‘आणि एक,’ ती म्हणाली. ‘तुम्ही टेबलापाशी बोललात ते सगळं मी लिहून घेतलंय. लगेच, आत जाऊन. एक शब्द सुटला नाही. मिसबाई म्हणाल्या, उद्या जायच्या आधी पुन्हा कर.’

बावीस वर्षं कडी लावून ठेवलेलं मी भर टेबलावर ओतून आले होते. हे मला तेव्हा कळलं, तिने सांगितल्यावर.

‘कर,’ मी म्हणाले. ‘माझ्या बापाचं काय जातंय.’

दुसऱ्या दिवशी सकाळी मी परसात गेले नाही. खोलीच्या दारात बसून राहिले. साडेदहाला धुराड्यातून धूर निघाला. थोड्या वेळाने वास आला. लोणी, दालचिनी. वास बरोबर होता. वासाला मी फसत नाही. मी मनात म्हटलं, झालं. पोरीने एका दिवसात घेतलं.

मिसबाईंची मोटार बाराला यायची होती. पावणेबाराला दोर्कस आली. हातात बशी. तिने बशी माझ्यासमोर पायरीवर ठेवली, वाढल्यासारखी नाही, आपटल्यासारखी.

‘बघा.’

वरचं बिस्किट काय फुगलं होतं. सोनेरी, भेगाळलेलं, माझ्याहून काकणभर चांगलंच. मी बोटाने मोडलं. वरचा अर्धा भाग पिसासारखा हलका. खालचा कच्चा. पांढरा गिचका, बोटाला चिकटून तार निघाली.

‘वरून सोनं, खालून लापशी,’ ती म्हणाली. ‘मिसबाईंनी एक घास घेतला आणि विचारलं, फळ गार होतं का? म्हटलं हो, सकाळीच करून ठेवलं होतं. म्हणाल्या, फळ उकळतं पाहिजे. पीठ वर पडताना खालून चटका बसला पाहिजे, नाहीतर बुडाशी कच्चं राहतं. म्हणाल्या, सालोमीने सांगितलं नाही? मी वही काढून दाखवली. सगळं आहे त्यात. तुमची प्रार्थना आहे, आमेन आहे. फळ गरम पाहिजे, हे नाही.’

टेबलापाशी म्हटलेलं सगळं मनात पहिल्यापासून म्हणत गेले. मैदा, पावडर, मीठ, साखर. लोणी, ताक, काटा. भट्टी. फळ बुडवायचं, सोलायचं, फोडी, साखर, लिंबू, दालचिनी. पीठ चमच्याने टाकायचं. मधे काही नव्हतं. जिथे ते असायला हवं होतं तिथे जागाच नव्हती. हाताला ठाऊक होतं. काल फळ मी उकळतंच ठेवलं होतं. पण डोक्यात शोधलं तर तिथे काही लागेना. आणि मी काल किती जोरात बोलले होते.

‘मिसबाई मोटारीची वाट बघताहेत,’ दोर्कस म्हणाली. ‘त्यांनी मला मुद्दाम पाठवलंय. म्हणाल्या, जा, नीट विचार तिला. विसरली असेल तर तिला म्हणावं, ये. अजून वेळ गेली नाही. मी मास्तरांना सांगून जाते, दोघी मिळून करा.’

ती थांबली. मग हळू म्हणाली, आणि ते तिला जड गेलं असणार, कारण माझ्याशी ती हळू कधी बोलली नव्हती, ‘विसरलात का, आई?’

खाली फाटकाशी मोटारीचा हॉर्न वाजला. अमोस ट्रंक उचलून पळताना दिसला.

एका शब्दाचं काम होतं. स्वयंपाकघर परत, चूल परत, पीचचं झाड खिडकीतून परत. आणि तिथे मी स्टुलावर बसलेली, ही माझ्यासमोर वही उघडून उभी. आई, मीठ घातलंत ना? आई, परत घालू नका हं. वाईट सासूला घर भिऊन असतं. विसरभोळीला घास भरवतात.

‘गाळलं,’ मी म्हणाले. ‘मुद्दाम.’

ती माझ्या तोंडाकडे बघत राहिली. तिला पटलं. त्यात पटण्यासारखं होतंच. तिने बशी उचलली, पायरीवर सांडलेला चुरा पदराने पुसून घेतला, आणि मिसबाईंना निरोप सांगायला खाली गेली.